एएफ (हृदयाचे बेताल ठोके) आहे? मग चालायला सुरुवात अशी करा

गेल्या वर्षी आमच्या कार्डिॲक रिहॅब विभागात, म्हणजे हृदयरुग्णांकडून व्यायाम करून घेतात तिथे, एक काका आले. वय ६१, नोकरीतून निवृत्त, मनगटावर मुलीने पाठवलेलं स्मार्ट घड्याळ. खुर्चीत टेकल्यापासून त्यांची नजर त्या घड्याळावरच. ९४. ७१. १२३. ८०. दर आकड्याला चेहरा बदलायचा. शेजारी काकू होत्या. त्या म्हणाल्या, "मी यांना जिनासुद्धा चढू देत नाही. दूधही मीच आणते." हे तीन महिने चाललं होतं. तेवढ्यात काकांचं वजन चार किलोंनी वाढलं आणि न्हाणीघरापर्यंत जाऊन आलं तरी धाप लागायला लागली. त्यांचा समज झाला की एएफ बळावला. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मात्र होता तसाच होता. बसून बसून आटले होते ते पायांचे स्नायू.

एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे एकदम आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहतात. खालच्या कप्प्यांपर्यंत पोचणारे इशारे मग मोजूनमापून येत नाहीत, येतील तसे येतात. कुणाला हा त्रास येऊन-जाऊन असतो, कुणाला कायमचा. पुढे जे लिहिलंय ते अशा एएफवाल्या, आणि डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही असं सांगितलेल्या मोठ्या माणसांसाठी. ठोके बिघडण्याचे इतरही प्रकार आहेत. खालच्या कप्प्यांतून उठणारी धडधड, घराण्यात चालत आलेले दोष, हृदयाचा स्नायू जाड होणं, यांचे व्यायामाचे नियम वेगळे असतात. त्यांनी हा लेख वाचून बूट चढवू नयेत.

व्यायामाने एएफ बरा होतो का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. मुळासकट जाईल असं मी कुणाला सांगत नाही. पण हाती काय आहे ते सांगते. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला ५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्वचेखाली बसवलेल्या छोट्या यंत्राने त्यांचा एकेक ठोका नोंदवला जात होता. १२ आठवडे व्यायाम केलेल्यांचा एएफमध्ये जाणारा वेळ ८.१ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आला, न केलेल्यांचा वाढला. ऑस्ट्रेलियातल्या १२० जणांच्या अभ्यासात वर्षअखेरीस व्यायामाच्या गटातले ४० टक्के एएफ परत न येता राहिले, दुसऱ्या गटातले २० टक्के. तो २०२३ चा. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२४ मध्ये २० चाचण्या, दोन हजारांवर रुग्ण एकत्र तपासले: लक्षणं कमी, व्यायामाची ताकद जास्त, आणि गंभीर अपाय वाढल्याचं दिसलं नाही. आयुष्य वाढतं का, यावर मात्र त्यातून फरक दिसलेला नाही. तेव्हा हा व्यायाम करायचा तो जिना चढता यावा म्हणून.

पायरी १: फाईल घेऊन डॉक्टरांकडे

शेवटचा ईसीजी, इको आणि गोळ्यांची यादी बरोबर न्या आणि विचारा: विश्रांतीतली नाडी आटोक्यात आहे का? झडपांचं काय? रक्त पातळ करणारी गोळी मला लागते का, आणि कोणती?

झडपांचा प्रश्न आपल्याकडे मुद्दाम विचारायचा. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन डाव्या बाजूची झडप अरुंद झालेली माणसं, त्यातही बायका, भारतात अजून बऱ्याच दिसतात. त्यांचा एएफ तिशी-चाळिशीतही सुरू होतो. झडप अरुंद असली की तिच्यातून रक्त पुढे सरकायला वेळ लागतो. नाडी धावायला लागली की नेमका तोच वेळ कमी पडतो आणि फुप्फुसांत दाब वाढून दम लागतो. अशा माणसाच्या व्यायामाची पातळी डॉक्टरांनीच ठरवायची. गोळीही वेगळी: एपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन यांसारख्या नव्या गोळ्या इतरांना चालतात, पण या रुग्णांना वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉमच दिली जाते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत याच जुन्या औषधांवरचे रुग्ण सरस ठरले. त्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, तपासत राहावं लागतं.

ॲब्लेशन (जांघेतून नळी घालून हृदयातल्या ठोके बिघडवणाऱ्या जागा निकामी करणं) झालं असेल तर जांघेतल्या शिरेची जखम भरेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, उकिडवं बसणं आणि जड उचलणं बंद. त्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत अधूनमधून धडधड होऊ शकते, तेवढ्यावरून उपचार फसला असं धरू नका. पेसमेकर नवा बसवला असेल तर त्या बाजूचा हात खांद्याच्या वर कधीपासून न्यायचा ते विचारून घ्या. शॉक देणारं यंत्र असेल तर ते कितीच्या ठोक्याला जागं होतं तो आकडा लिहून आणा. व्यायाम त्याच्या बराच खाली ठेवायचा असतो.

पायरी २: नाडी पूर्ण एक मिनिट मोजा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबते.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खोबणीत दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवा. अंगठा नको, त्याची स्वतःची नाडी लागते. घड्याळाचा सेकंदकाटा बघत पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणायची सवय असेल तर ती सोडा. वरच्या काकांचीच एक नोंद बघा. पहिल्या १५ सेकंदांत १८ ठोके, दुसऱ्यात २९, तिसऱ्यात २१, चौथ्यात २३. पहिला तुकडा गुणला तर नाडी ७२, दुसरा गुणला तर ११६. खरी नाडी ९१. गुणाकार करणारा माणूस एकाच मिनिटात दोनदा घाबरला असता, नाहीतर उगीच निश्चिंत झाला असता.

घड्याळाचंही तेच. त्यातला हिरवा दिवा कातडीखालून जाणाऱ्या रक्ताची लाट मोजतो. एएफमध्ये एखादा ठोका आधीच्याच्या इतका मागोमाग पडतो की कप्पा भरलेलाच नसतो. हृदय धडकतं, पण मनगटापर्यंत लाट पोचत नाही. त्यामुळे स्टेथोस्कोपने छातीवर मोजलेले ठोके मनगटावरच्या नाडीपेक्षा जास्त भरू शकतात. व्यायामात नाडी वाढली की ही तफावत आणखी वाढते. घड्याळ फेकून द्या असं मी म्हणत नाही, पावलं मोजायला ते उत्तम आहे. पण चालताना दर वळणावर त्यातला ठोक्यांचा आकडा बघू नका. रक्तदाबाचं घरगुती यंत्रही एकेका वेळी वेगळं सांगतं. मिनिटाच्या अंतराने तीनदा घ्या आणि सरासरी लिहा.

सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पाच मिनिटं बसून नाडी मोजा आणि वहीत लिहा. विश्रांतीत ११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. दोन दिवस तसंच राहिलं तर डॉक्टरांना फोन. हा ११० चा आकडा हवेतून आलेला नाही. २०१० साली नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीत नाडी ८० च्या आत दाबून ठेवलेले आणि ११० च्या आत सोडलेले रुग्ण ताडून पाहिले होते, ढील दिलेल्यांचं काही वाईट झालं नाही. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यासाठी वेगळा आकडा दिला असेल तर अर्थातच तो धरायचा.

पायरी ३: वेग श्वासावरून ठरवा

जिममधल्या भिंतीवर '२२० वजा वय' असं सूत्र टांगलेलं असतं. ते तुमच्या कामाचं नाही. एकतर एएफमध्ये नाडी सरळ चढतच नाही, उसळते. दुसरं म्हणजे मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन या गोळ्या ती मुद्दाम रोखून धरतात.

आम्ही वापरतो ते बोर्ग माप. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने ते बनवलं. ६ पासून २० पर्यंत. ६ म्हणजे आरामखुर्चीत बसलोय, २० म्हणजे आता एक पाऊलही शक्य नाही. ६ पासून का, असं सगळे विचारतात. तरुण, निरोगी माणसाच्या थकव्याच्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण नाडी मिळावी, अशी कल्पना होती. एएफमध्ये तो गुणाकार सोडून द्यायचा, माप ठेवायचं. ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे जरासं जड, १५ म्हणजे जड. पहिले दोन-तीन आठवडे ११ ते १२. पुढे १३. नवख्याने १४ च्या वर जायचं नाही.

पहिल्या दिवशी कुणालाच हे आकडे जमत नाहीत. पुरुष दोन आकडे कमी सांगतात, हा माझा अनुभव. म्हणून मी पाढा म्हणायला लावते. चालता चालता तेराचा पाढा मोठ्याने म्हणा. 'तेर एके तेर, तेर दुणे सव्वीस, तेर त्रिक एकोणचाळीस', असं दोन-तीन घरं एका श्वासात जाऊन मग श्वास घ्यावासा वाटला तर वेग बरोबर. अख्खा पाढा न थांबता गेला तर तुम्ही रमतगमत चाललाय. प्रत्येक घराला दम घ्यावा लागला तर हळू व्हा. पाढाच आठवत नसेल तर बाराचा घ्या.

पायरी ४: सहा मिनिटांची चाल

सुरुवातीचं माप हवंच, नाहीतर तीन महिन्यांनी सुधारणा झाली की नाही ते कळणार कसं? ३० मीटर सरळ जागा, दोन्ही टोकांना खुणा. सहा मिनिटांत जितकं अंतर कापता येईल तितकं कापायचं. पळायचं नाही. दम लागला तर उभं राहायचं, पण घड्याळ चालू राहतं. पहिल्यांदा हे दवाखान्यात, फिजिओथेरपिस्टसमोरच करा. आमच्या काकांचं अंतर ३३० मीटर भरलं, मध्ये एकदा थांबून. काकूंनी कॉरिडॉरच्या टोकाशी खुर्ची आणून ठेवली होती, बसायची वेळ आली नाही. अंतर, थकव्याचा आकडा आणि तारीख वहीच्या पहिल्या पानावर.

केंद्र निवडताना एवढं बघा: ईसीजी बघत व्यायाम करून घेतात का, शॉक देण्याचं यंत्र खोलीत आहे का, डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत का. मोठ्या शहरांबाहेर अशी केंद्रं विरळच. जवळ नसेल तर पहिल्या दोन-तीन वेळा जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आराखडा घ्या, मग घरी करा आणि फिजिओथेरपिस्टशी फोनवर बोलत राहा.

पायरी ५: बारा आठवडे

एक सत्र म्हणजे तीन भाग. आधी १० मिनिटं अगदी सावकाश चाल आणि खांदे-कंबर मोकळी करणं. हा भाग गाळायचा नाही. एएफमध्ये व्यायामाच्या पहिल्या मिनिटांतच नाडी झपकन वर जाते, सावकाश सुरुवात केली की तो झटका सौम्य होतो. मग मुख्य चाल, बोर्ग ११ ते १३. शेवटी पुन्हा १० मिनिटं वेग उतरवत नेणं. एकदम थांबलं की रक्त पायांत साठतं, दाब उतरतो, आणि गोळ्यांवर असलेल्या माणसाला भोवळ येते. काहींना एएफचा झटका व्यायाम चालू असताना येतच नाही, तो संपवून टेकल्यावर येतो. त्यांनी तर हा उताराचा भाग १५ मिनिटांचा करावा.

पहिले दोन आठवडे मुख्य भाग फक्त १० मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. सलग जमत नसेल तर दोन मिनिटं नेहमीचा वेग, दोन मिनिटं मंद. तिसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, सहाव्या आठवड्यात ३० मिनिटांवर याल. तिथून पाच दिवस केलंत की आठवड्याचे १५० मिनिटं भरले. तब्येत साथ देत असेल तर पुढे २०० पर्यंत जायला हरकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या त्या चाचणीचं लक्ष्य २१० होतं. एखादा आठवडा बुडाला, सर्दी-ताप झाला, घरात लग्न निघालं, तर आहे तिथून न धरता एक आठवडा मागे जाऊन सुरू करा.

तिसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस ताकदीचे. हात न टेकता खुर्चीवरून उठबस, भिंतीला हात टेकून जोर, टाचा उचलणं, रबरी पट्टा ओढणं. प्रत्येकी दहा वेळा. जोर लावताना श्वास सोडा. श्वास रोखून कुंथलं की छातीतला दाब एकदम वाढतो आणि सोडताना उतरतो, नाडीला हे मानवत नाही. आकडे मोठ्याने मोजलेत तर श्वास रोखताच येत नाही.

नॉर्वेच्या चाचणीत चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असे चार फेरे होते. तो प्रकार देखरेखीखालचा आहे. आणि 'जास्त केलं तर जास्त फायदा' हेही इथे चालत नाही. स्वीडनमध्ये वासालोपेट नावाची ९० किलोमीटरची स्की-शर्यत होते. तिच्यात अनेकदा उतरलेल्या, वेगवान खेळाडूंमध्ये ठोक्यांचे विकार जास्त आढळले. मॅरेथॉनवाले मित्र आग्रह करतील, त्यांना हे सांगा.

कुठे, कधी, काय घालून

सपाट जागा हवी. दादरच्या शिवाजी पार्कभोवतीची फेरी किंवा सोसायटीचं पार्किंग, दोन्ही चालतात. पर्वतीच्या १०३ पायऱ्या तिसऱ्या महिन्यानंतर, तेही मध्ये थांबत. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत घरी परत. घामाने पाणी आणि क्षार गेले, त्यात लघवीची गोळी चालू असेल, तर पोटॅशियम उतरतं आणि ठोके आणखी बिघडतात. जुलाब-उलट्या झाल्या तरी तेच, दोन दिवस सुट्टी. अमिओडॅरोन घेणाऱ्यांची कातडी उन्हाने पटकन भाजते. टोपी आणि पूर्ण बाह्या.

पावसाळ्यात शेवाळलेल्या फरश्या टाळा, चप्पल नको, बूट हवेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्यावर पडलात, तर काही वाटत नसलं तरी दवाखान्यात जाऊन दाखवायचंच. नातवंडांशी क्रिकेट खेळा, कबड्डी नको. ही गोळी व्यायाम सुरू केला म्हणून, किंवा महिनाभर धडधड झाली नाही म्हणून, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी हे दोनदा सांगावं लागतं. वॉरफरिन-ॲसिट्रॉमवाल्यांनी 'आता डाएट' म्हणून एकाएकी रोज पालक-मेथी सुरू करू नये, आयएनआर हलतो. खा, पण आठवड्याला साधारण सारखीच.

योगासनांबद्दल

अमेरिकेत कॅन्सासला डॉ. धनंजय लक्किरेड्डी यांच्या गटाने २०१३ साली ४९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यातून दोनदा तासभर योग, तीन महिने. झटके कमी झाले, चिंता आणि उदासी कमी झाली. अभ्यास छोटा होता आणि तुलना त्याच माणसांच्या आधीच्या तीन महिन्यांशी होती, तेव्हा फार ताणू नये. चालण्याच्या जोडीला आसनं आणि संथ श्वसन जरूर करा. जोरजोराचं कपालभाती-भस्त्रिका, लांब कुंभक आणि शीर्षासन मी सुरुवातीला वगळायला लावते.

कधी थांबायचं

चालताना छातीत दाब, डोळ्यांपुढे अंधारी, बोलता येणार नाही इतका दम: वेग कमी करा आणि खाली बसा. धडधड १५ मिनिटं बसूनही उतरली नाही तर डॉक्टरांना फोन. शुद्ध हरपली किंवा छातीत दुखणं थांबत नसेल तर १०८. चेहरा एका बाजूला ओघळला, हात उचलत नाही, जीभ अडखळते, यातलं एकही दिसलं तर पाणी पाजत बसू नका. लगेच १०८, आणि रक्त पातळ करणारी कोणती गोळी शेवटची किती वाजता घेतली ते सांगा, पुढचा उपचार त्यावर ठरतो. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं, पाय सुजले, तर ती खाण्याची चरबी नाही, पाणी साठतंय. व्यायाम बंद, डॉक्टरांकडे.

येऊन-जाऊन एएफ असणाऱ्यांनी झटका आलेल्या दिवशी काय करायचं हे आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. नाडी ११० च्या आत आहे आणि बरं वाटतंय, तर सपाटीवर सावकाश फिरायला बहुतेकांना मुभा मिळते.

वजन आणि दारू, थोडक्यात: ८० किलोच्या माणसाने आठ किलो घालवून ते टिकवलं तर एएफवर ठळक परिणाम होतो, ॲडलेडच्या २०१५ च्या अभ्यासाने ते दाखवलंय. दारू सोडल्याने झटके कमी होतात, हेही ऑस्ट्रेलियातल्याच चाचणीत दिसलं. मोठ्याने घोरत असाल तर झोपेची तपासणी करून घ्या.

बारा आठवडे झाले की तीच ३० मीटर जागा, तीच वेळ, तेच बूट. काकांचं अंतर ४०५ मीटर भरलं, न थांबता. नाडी तशीच बेताल होती, ९० च्या आसपास. घड्याळ हातात होतं, पण त्यांनी ते आतल्या बाजूला फिरवून बांधलं होतं. पुढची चाचणी सहा महिन्यांनी लावली. तुमचीही तारीख वहीच्या पहिल्या पानावर, पहिल्या अंतराखाली लिहून ठेवा.